सात दिवसांचे ॲप-कर्ज आणि व्हॉट्सॲपवरचे ‘अटक वॉरंट’

प्रश्न : आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी एका मोबाइल ॲपवरून सात दिवसांसाठी १०,००० रुपये कर्ज घेतले. खात्यात ७,२०० रुपयेच जमा झाले. फेड जमेना म्हणून दोन वेळा २,८०० रुपये ‘मुदतवाढ’ भरली, तरीही पूर्ण १०,००० रुपये मागत आहेत. सहकाऱ्यांना फोन करतात, माझा फोटो अश्लील करून पसरवू म्हणतात आणि व्हॉट्सॲपवर ‘अटक वॉरंट’ पाठवले आहे. मला अटक होईल का? पैसे भरावेत का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : केवळ कर्ज थकले म्हणून पोलीस अटक करत नाहीत. वॉरंट न्यायालय काढते. ते बजावण्याचे काम वसुलीवाल्याचे नाही. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. आपण ई-मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची ऑनलाइन संमती) दिला असेल आणि शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला असेल, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली, चेक न वटल्यावर होते तशीच फौजदारी तक्रार होऊ शकते. त्याआधी लेखी नोटीस देऊन रक्कम भरण्यास पंधरा दिवस द्यावे लागतात. अशी नोटीस आल्यास वकिलाला लगेच दाखवा.

आपल्या प्रकरणात खरा प्रश्न वेगळाच आहे : पैसे दिले कोणी? ॲप हा केवळ दर्शनी दरवाजा असतो. ७,२०० रुपये कोणाच्या खात्यातून आले आणि मुदतवाढीचे पैसे कोठे गेले, हे बँकेच्या खातेउताऱ्यात पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांनुसार परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्याच खात्यात व्हावी लागते. दर वेळी निराळ्या व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे मागितले असतील, तर संशयाला पुरेशी जागा आहे. अधिकृत कर्ज-ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे.

ॲपच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत वित्तसंस्था निघाली, तर तिने मुख्य तथ्य पत्रकात (कर्जाआधी द्यायच्या अटी-खर्चाच्या गोषवाऱ्यात) वार्षिक दरासह प्रत्येक शुल्क दाखवायला हवे होते. पत्रकात नसलेले शुल्क तिला आकारता येत नाही. आपल्या कर्जाचा दर, ७,२०० वर सात दिवसांत २,८०० या हिशेबाने, वर्षाला दोन हजार टक्क्यांहून अधिक पडतो, आणि हा आकडा पत्रकात छापण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. मोबाइलमधील संपर्क-यादी वाचण्यास ॲपला मनाई आहे, तसेच सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करण्यासही. संस्थेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

मागे कोणतीच नोंदणीकृत संस्था नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आपल्या बाजूने उभा राहतो. (नोंदणीकृत वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले आहे, म्हणूनच कर्ज कोणाचे, हे आधी शोधायचे.) विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि अशा सावकाराला न्यायालयातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करावी.

धमक्यांच्या बाबतीत मात्र सावकार कोण, याने फरक पडत नाही. भीती घालून पैसे उकळणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली, तर फौजदारी धमकी कलम ३५१ खाली गुन्हा आहे. अश्लील फोटो पसरवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ लागते. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा आणि सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. सहकाऱ्यांना आपणच आधी सांगून टाकले, तर या मंडळींचे निम्मे बळ जाते.

पैशांविषयी माझे मत असे : मिळालेल्या ७,२०० पैकी ५,६०० रुपये आपण देऊन बसला आहात. संस्था नोंदणीकृत असल्यास लेखी हिशेब मागा आणि जे रीतसर देणे निघेल ते तिच्याच खात्यात भरा. नसल्यास यापुढे एक रुपयाही देऊ नका, आणि कोणत्याही परिस्थितीत हे फेडायला दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढू नका.

ॲपला दिलेली संपर्क-यादी आणि फोटोंची परवानगी आजच बंद करा. पण सर्व संदेश व कर्जाचा तपशील यांचे स्क्रीनशॉट काढून तक्रारीची पोच हाती येईपर्यंत ते ॲप मोबाइलमधून काढून टाकू नका.