नाना शंकरशेट ठाणे स्थानकात उतरले तर

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी मी एकांकिका लिहीत आहे. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आजच्या ठाणे स्थानकात अवतरतात, अशी कल्पना आहे. परंतु मोबाइल, सरकते जिने, गर्दी हे सारे पाहून ते थक्क झाले की पुढे लिहिण्यासारखे काही उरत नाही. त्यांच्या तोंडी कोणती भाषा घालावी, हेही उमगत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुम्ही नाट्यविषयासाठी निवडलेली व्यक्ती आणि जागा दोन्ही मला मनापासून आवडल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थक्क होणे ही क्षणभराची गोष्ट असते आणि तिच्यावर सबंध एकांकिका उभी राहत नाही. शिवाय नाना ही आश्चर्याने तोंडात बोट घालणारी व्यक्ती नव्हती. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळावर सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर बसलेले, खर्च, जमिनी आणि परवानग्या यांची चर्चा केलेले ते गृहस्थ आहेत. रेल्वे स्थानकात पाऊल टाकताच ते पाहुण्यासारखे न वागता मालकाच्या अधिकाराने चौकशी करू लागतील. त्यांना प्रश्न विचारू द्या, म्हणजे तुमचे निम्मे काम होईल.

त्याआधी एक गोष्ट मात्र नक्की करा. नाना नेमक्या कोणत्या दिवसातून आले आहेत? ‘जुन्या काळातून’ एवढे पुरत नाही. १८६५ साली, म्हणजे निधनाच्या वर्षी, त्यांना उचलून आणलेत तर सत्तावनचा उठाव, मुंबई विद्यापीठाची स्थापना आणि बोरघाट चढून पुण्याला गेलेली गाडी हे सारे त्यांना ठाऊक असेल. मी तुमच्या जागी असतो तर १६ एप्रिल १८५३ हा दिवस घेतला असता. त्या शनिवारी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी एकवीस तोफांच्या सलामीत बोरीबंदरहून ठाण्याकडे देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. तिला तीन इंजिने, चौदा डबे आणि आत सुमारे चारशे निमंत्रित होते. चौतीस किलोमीटरवरचे ठाणे हे तेव्हा लोखंडी रस्त्याचे शेवटचे टोक होते आणि खाडीपलीकडचे कल्याण गाठायला आणखी वर्ष लागायचे होते. पन्नाशीतले नाना त्या टोकाला उतरतात आणि समोर तुमचे आजचे ठाणे असते. या एका निवडीमुळे त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, याची सीमा आखली जाते व लेखकाला ती फार उपयोगी पडते.

आता ते काय विचारतील, ते पाहा. त्यांच्या पिढीने या वाहनाला ‘आगगाडी’ म्हटले, कारण पुढे आग धगधगत असे. समोरून येणाऱ्या लोकलला ना धूर, ना कोळसा. तेव्हा ‘आग कुठे आहे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असेल आणि ‘मग खर्च किती येतो?’ हा दुसरा. घड्याळाचाही एक चांगला प्रसंग होऊ शकतो. त्यांच्या जवळचे घड्याळ मुंबईच्या स्थानिक वेळेवर लावलेले असणार आणि ती वेळ आपल्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईने त्यानंतरही कित्येक वर्षे आपली वेळ सोडली नव्हती. फलाटावरचे घड्याळ चुकले आहे, असे नाना ठामपणे सांगतील आणि त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच असेल.

ज्या दृश्यापाशी त्यांनी खरोखर थबकावे, ते सरकत्या जिन्याचे नसून सकाळच्या महिलांच्या डब्याचे असावे, असे मला वाटते. मुलींना शिकवणे हेच पुष्कळांना पाप वाटत होते, अशा काळात या माणसाने स्वतःच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली होती. डबा, पर्स आणि वही सांभाळत कामाला निघालेल्या शेकडो बायका पाहून त्यांच्या तोंडी एकही वाक्य घालू नका. नुसते उभे राहू द्या. हा प्रसंग घाईने उरकू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

भाषेविषयी थोडक्यात सांगतो. ‘हे वत्सा’ किंवा ‘अहो आश्चर्यम्’ असले काही नको, कारण नाना मुंबईतले व्यापारी होते, पौराणिक नाटकातले ऋषी नव्हेत. ‘कंपनी’, ‘कमिटी’ हे शब्द त्यांच्या तोंडी शोभतील. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे आहे. त्याची वीसेक पाने मोठ्याने वाचा, म्हणजे त्या काळच्या वाक्याची चाल कानात बसेल. फलाटावर त्यांना भेटणाऱ्या आजच्या मुलाने मात्र त्यांच्याशी नेहमीच्या बोलीतच बोलावे आणि त्यांना ‘नानासाहेब’ म्हणावे. सार्वजनिक गणेशोत्सव त्यांच्या हयातीनंतरचा आहे. त्यामुळे घरातला गणपती रस्त्यावरच्या मांडवात का बसवला, हेही ते विचारू शकतील.

आता शेवटाकडे वळतो. नाना मूळचे आपल्या जिल्ह्यातले, मुरबाडचे; जन्म १८०३ चा. फलाटावरची उद्घोषणा ऐकताना कल्याण, कर्जत, कसारा ही नावे येतील आणि गाड्या थेट घाटाच्या पायथ्याशी पोचल्या, हे कळून त्यांना समाधान वाटेल. मग ते साहजिकच विचारतील, “मुरबाडची गाडी किती वाजता?” मुलाला खरे तेच सांगावे लागेल, “कल्याणला उतरायचं, नानासाहेब. पुढे एसटी.” यावर नानांनी रागावू नये, खंतही करू नये. त्यांनी कागद मागावा आणि बाकावर बसून कंपनीच्या नावे अर्ज लिहायला घ्यावा. तो अर्ज अर्थातच मोडी लिपीत असेल, कारण हाताने भराभर लिहायचे ते मोडीत, हीच त्यांच्या पिढीची सवय. लिहून झाल्यावर ते कागद मुलाच्या हाती देतील आणि मुलाला त्यातले एक अक्षरही वाचता येणार नाही. फलाटावरच्या इतरांनाही येणार नाही. आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर आपल्याला परके झाले, हे मला नेहमी बोचते, म्हणून हा प्रसंग सुचवला.

रंगमंचावरचा तो कागद निव्वळ रेघोट्यांचा नसावा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तेथे चौकशी केल्यास मोडी जाणणारे कोणी ना कोणी नक्की भेटेल. त्यांच्याकडून तो अर्ज खरोखर लिहून घ्या.