एन्थाल्पीची बेरीज चालते, पोटेन्शियलची चालत नाही: तुझ्या तीन गणितांबद्दल

तुझी तिन्ही गणितं पायरी पायरीने तपासली. बाकी सदस्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रश्न बारावीचे आहेत. मिथेनची फॉर्मेशन एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून एक मोल तयार होतानाचा उष्णतेचा हिशोब) +१३.२ किलोज्यूल आली, पुस्तकात −७४.८ आहे. फेरिकपासून (लोखंड तीन धन) थेट लोखंडापर्यंतचं पोटेन्शियल ०.३३ व्होल्ट आलं, उत्तर −०.०३७ आहे. तांबं-चांदीच्या सेलचं १.२६ आलं, हवं होतं ०.४६. आणि खाली लिहिलंय, "सूत्रं सगळी पाठ आहेत, तरी उत्तर जुळत नाही."

सूत्रं खरंच पाठ आहेत, ते दिसतंय. आकडेमोडही कुठे चुकलेली नाही. अडचण सूत्राच्या आधीची आहे.

मिथेनचं आधी घेऊ, कारण तिथे तुझी पद्धत बरोबर आहे. कार्बन जळताना −३९३.५, मिथेन जळताना −८९०.३ आणि हायड्रोजन जळताना तू −२४१.८ घेतलंस. हा शेवटचा आकडा पाण्याची वाफ तयार होते तेव्हाचा. मिथेनच्या −८९०.३ मध्ये मात्र पाणी द्रवरूप आहे. समीकरणांची बेरीज करताना तू दोन्हीकडचं पाणी कापलंस, पण एका बाजूला वाफ होती आणि दुसऱ्या बाजूला पाणी. २५ अंशांना एक मोल पाण्याची वाफ करायला ४४ किलोज्यूल लागतात, दोन मोलला ८८. आता तुझं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर यांतला फरक काढून बघ: बरोबर ८८. हायड्रोजनसाठी −२८५.८ घातलंस की −३९३.५ − ५७१.६ + ८९०.३ = −७४.८ येतं. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे घन, द्रव की वायू हे लिहिल्याशिवाय काहीही कापू नकोस.

बाकी, समीकरण उलटं केलं की चिन्ह उलटं, दुप्पट केलं की एन्थाल्पी दुप्पट, हे तू नीट केलं आहेस. हे चालतं, कारण एन्थाल्पी ही पदार्थाच्या प्रमाणावर अवलंबून असणारी राशी आहे आणि ती वाटेवर अवलंबून नसते. हेस या रसायनशास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गमध्ये १८४० साली हा नियम मांडला, तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमसुद्धा अजून पक्का बसलेला नव्हता. माणसाने उष्णता मोजल्या आणि बेरजा जुळतात हे पाहिलं. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

तुझ्या पुढच्या धड्यात हीच सवय घात करते. थर्मोकेमिस्ट्रीत हात बसला की मुलं इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतही समीकरण दुप्पट केल्यावर पोटेन्शियल दुप्पट करतात. चांदीचं ०.८० होतं, समीकरणात दोन चांदी आयन होते म्हणून तू १.६० केलंस, त्यातून तांब्याचे ०.३४ वजा केलेस आणि १.२६ आले.

बाजारात कांदा ३० रुपये किलो आहे. दोन किलो घेतलास तर बिल ६० होतं, भाव ३० च राहतो. एन्थाल्पी आणि डेल्टा जी (मुक्त ऊर्जेतला बदल) म्हणजे बिल. पोटेन्शियल म्हणजे भाव, एक कुलोम विद्युतभारामागे किती ज्यूल. व्होल्ट या एककाचा अर्थच तो आहे. इलेक्ट्रॉन दोन असोत की दोनशे, भाव तोच. म्हणून चांदीचे ०.८० च ठेवायचे, ०.८० − ०.३४ = ०.४६.

आता लोखंडाचा प्रश्न. फेरिक ते फेरस (लोखंड दोन धन) ०.७७, फेरस ते लोखंड −०.४४. तू दोन भावांची बेरीज केलीस. पण पहिल्या टप्प्यात एक इलेक्ट्रॉन आहे आणि दुसऱ्यात दोन. एक किलो एका भावाने, दोन किलो दुसऱ्या भावाने घेतले, तर तीन किलोंचा सरासरी भाव कसा काढशील? आधी बिलं मिळवशील, मग तिनाने भागशील. इथेही तेच. बिल म्हणजे डेल्टा जी = −एन × एफ × ई; एन म्हणजे इलेक्ट्रॉनची संख्या, एफ म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, ९६५०० कुलोम, आणि ई म्हणजे पोटेन्शियल. पहिल्याचं −०.७७ एफ, दुसऱ्याचं +०.८८ एफ, बेरीज +०.११ एफ. एकूण इलेक्ट्रॉन तीन, म्हणून ई = −०.११ ÷ ३ = −०.०३७ व्होल्ट. ९६५०० ने गुणायची गरजही पडत नाही, तो दोन्हीकडून जातो.

यावर वर्गात एक शंका हमखास यायची, आणि ती चांगली शंका आहे: मग पूर्ण सेलसाठी कॅथोड वजा अ‍ॅनोड अशी सरळ वजाबाकी कशी चालते? तिथे दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन समान करून घेतलेले असतात. दोन्हीकडे एकच एन, उत्तरातही तोच एन, म्हणून तो कापला जातो. अर्धी अभिक्रिया अधिक अर्धी अभिक्रिया मिळून पुन्हा अर्धीच अभिक्रिया येत असेल, म्हणजे इलेक्ट्रॉन समीकरणात शिल्लक राहत असतील, तिथे सरळ वजाबाकी बंद, डेल्टा जीच्याच वाटेने जायचं.

संहतीप्रमाणे पोटेन्शियल किती बदलतं ते सांगणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणात मात्र सहगुणकांना काम आहे, ते संहतीच्या घातांकात जातात. तुझ्याच सेलमध्ये चांदी आयन ०.०१ मोलर आणि तांबं आयन ०.१ मोलर धरू. क्यू, म्हणजे तयार होणाऱ्या आणि वापरल्या जाणाऱ्या आयनांच्या संहतींचं गुणोत्तर = ०.१ ÷ (०.०१)² = १०००, लॉग ३. ई = ०.४६ − (०.०५९२ ÷ २) × ३ = ०.३७ व्होल्ट. समीकरण निम्मं करून पाहा: एन १ होतो, क्यू १००० चं वर्गमूळ होतं, लॉग १.५, आणि ०.०५९२ × १.५ केलं की वजा होणारी संख्या तीच, ०.०८८८. हे एकदा स्वतःच्या हाताने कर, मग पोटेन्शियल का गुणायचं नाही हे पाठ करावं लागणार नाही. ०.०५९२ हा आकडा फक्त २९८ केल्व्हिनचा आहे. गणितात तापमान वेगळं दिलं असेल तर २.३०३ आरटी ÷ एनएफ पासून सुरुवात कर (आर वायू स्थिरांक, टी केल्व्हिनमधलं तापमान).

बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून आणखी एक गोष्ट. ०.०२ चा लॉग टेबलवरून बार २.३०१० येतो. तो −२.३०१० नव्हे. बार फक्त २ वर आहे, ०.३०१० धनच आहे, म्हणजे −२ + ०.३०१० = −१.६९९०. नर्न्स्टचं समीकरण अचूक लिहून इथे गुण घालवलेले कितीतरी पेपर मी तपासले आहेत.

दोन्ही धडे एकमेकांना कुठे भेटतात ते सांगते. ज्युनियर कॉलेजात शिकवताना मी एकच अभिक्रिया दोनदा करून दाखवायचे. थर्माकोलच्या कपात ५० मिली, ०.२ मोलर मोरचुदाचं द्रावण घ्यायचं, त्यात जस्ताची पूड जास्तीची टाकायची आणि थर्मामीटर लावायचा. निळा रंग उतरतो, तांबं तळाशी बसतं, तापमान चढतं. या अभिक्रियेची डेल्टा एच, म्हणजे एन्थाल्पीतला बदल, −२१८.७ किलोज्यूल आहे. तांबं ०.०१ मोल, म्हणजे २१८७ ज्यूल, भागिले ५० × ४.१८, साडेदहा अंशांच्या आसपास. कपातून थोडी उष्णता निसटते, म्हणून मुलांना नऊ-साडेनऊ मिळायचे. मग तीच अभिक्रिया डॅनियल सेलमध्ये: जस्त एका भांड्यात, तांबं दुसऱ्यात, मध्ये सॉल्ट ब्रिज, आणि मल्टिमीटरवर १.१० च्या जवळपास आकडा.

आता १.१० वरून बिल काढ. −२ × ९६५०० × १.१० = −२१२३०० ज्यूल, म्हणजे −२१२.३ किलोज्यूल. इथे हजाराने भागायचं विसरलं की पुढचं सगळं कोसळतं, कारण एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये दिलेली असते आणि एन × एफ × ई ज्यूलमध्ये येतं. कपात २१८.७ उष्णता म्हणून बाहेर आली, सेलमधून जास्तीत जास्त २१२.३ विद्युतकार्य म्हणून मिळतं. उरलेले ६.४ किलोज्यूल आदर्श सेलमध्येही उष्णता म्हणूनच बाहेर जातात, तो टी × डेल्टा एसचा वाटा (डेल्टा एस म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल). २९८ ने भागलं की डेल्टा एस साधारण −२१.५ ज्यूल प्रति केल्व्हिन येतं. ते ऋण आहे, म्हणून तापमान वाढलं की या सेलचं व्होल्टेज किंचित उतरतं, अंशामागे ०.१ मिलिव्होल्टच्या आसपास (२१.५ ÷ १९३०००). थर्मामीटर, मल्टिमीटर आणि दोन धड्यांतली चार सूत्रं, सगळी एकाच मोरचुदाच्या द्रावणाबद्दल बोलत असतात. हा तास घ्यायला मला सगळ्यांत जास्त आवडायचं.

हायड्रोजनच्या फ्युएल सेलवर हेच करून पाहा. डेल्टा एच तीच तुझी −२८५.८, डेल्टा जी −२३७.१, इलेक्ट्रॉन दोन. व्होल्टेज १.२३ यायला हवं आणि डेल्टा जीचं डेल्टा एचशी प्रमाण सुमारे ८३ टक्के.

आणि एक गणित तुझ्यासाठी. तांबं दोन धन ते तांबं धातू ०.३४ व्होल्ट, तांबं दोन धन ते तांबं एक धन ०.१५ व्होल्ट. तांबं एक धन ते धातू किती? उत्तर ०.५३ आहे, मला पायऱ्या हव्यात. ते जमलं की पुढे जा: तांबं एक धन स्वतःच अर्धं धातू आणि अर्धं दोन धन होऊ पाहतं, त्या सेलचं पोटेन्शियल काढ आणि चिन्ह बघ. मोरचुदाचं द्रावण बाटलीत वर्षानुवर्षं राहतं, पण एक धन तांब्याचं साधं द्रावण प्रयोगशाळेच्या फडताळात का सापडत नाही, ते त्या चिन्हावरून तुला सांगता येईल. पायऱ्या इथेच टाक, मी बघते.