जहाजाला तीन-तीन डोलकाठ्या कशाला? एकच उंच लावली तर?

तुमचे प्रश्न दोन: शाळेच्या मॉडेलला एकच उंच डोलकाठी का चालत नाही, आणि लावलेली सारखी का कलते.

उत्तरायणाला वडोदऱ्यात सगळे बघतात की गच्चीच्या कठड्याशी पतंग गटांगळ्या खातो आणि वर गेला की वारा धरतो. शीड उंच न्यायचं ते म्हणूनच. पण डोलकाठी ही नुसती शीड टांगायची खुंटी नव्हे. शिडावरचा सगळा रेटा तिच्यातून आणि तिच्या दोरांतून जहाजाच्या अंगात उतरतो.

उंची वाढवली की तोच वारा जहाजाला जास्त कलवतो. शिवाय तेवढं अखंड लाकूड कुठून आणणार? मोठ्या जहाजांची काठी तुकड्यावर तुकडा चढवूनच करत. माझ्या मते खरी मेख सुकाणूत आहे. पुढचं शीड नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, वाऱ्यापासून दूर ढकलतं, मागचं वाऱ्याकडे वळवतं. दोन्हींचा तोल साधला की सुकाणूशी झटावं लागत नाही. मराठ्यांच्या गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, दोन किंवा तीन डोलकाठ्या असत; त्याहून लहान गलबताला दोन, त्यातली मागची अगदी किरकोळ.

कच्छच्या मांडवीकडची (आपल्या वडोदऱ्याच्या चार दरवाजांतली मांडवी नव्हे) जुनी शिडाची जहाजं पाहिलीत तर काठी पुढे झुकलेली दिसेल. ती चूक नाही. परबाण, म्हणजे शीड बांधायचा लांबलचक वासा, त्यामुळे काठीला न घासता मोकळा राहतो.

मापाला जुन्या इंग्रजी युद्धनौकांचा ढोबळ नियम धरा: डेकची लांबी अधिक रुंदी, भागिले दोन. 60 सेंमी लांब, 16 रुंद असेल तर मुख्य काठीचा खालचा तुकडा तळापासून 38 सेंमी. जाडी त्याच्या छत्तिसाव्या हिश्शाची, साधारण 1 सेंमी. वरचा तुकडा 23 सेंमी.

काठी डेकवर चिकटवू नका. भोकातून खाली नेऊन तळाच्या कण्यावर खाचेत बसवा, भोकात पाचरी ठोका. एक दोर नाळेकडे. बाजूचे दोन-दोन दोर काठीच्या किंचित मागे बांधा, म्हणजे ते मागेही ओढतील. तुमची काठी कलते ती बहुधा या दोरांवाचून. सुती दोरा भिजला की आखडतो, वाळला की सैल पडतो, म्हणून मेण चोळा. फार ताणलात तर काठी तळ फोडेल.

आणि तळाशी शिसं ठेवा. स्वीडनचं ‘वासा’ नावाचं जहाज 1628 मध्ये वरून जड झाल्यामुळे पहिल्याच सफरीत जेमतेम 1300 मीटर जाऊन बुडालं.