अनंत विश्व आणखी मोठं होतं म्हणजे काय होतं?

ताई, तुमच्या अकरावीतल्या मुलाने दोन गोष्टी विचारल्यात: विश्व पसरतंय तर कशात पसरतंय, आणि ते अनंत असेल तर आणखी मोठं कसं होईल. वर एकाने विश्व फुग्यासारखं फुगतं असं समजावलंय. दुसऱ्याने लिहिलंय, "व्यास ९३०० कोटी प्रकाशवर्षे, म्हणजे विश्व मर्यादित, विषय संपला." फुग्याने मुलाचा घोळ वाढेल, कारण फुग्याला बाहेर खोली असते. व्यासाकडे पुढे येतो.

विश्व कशातही पसरत नाही. दूरदूरच्या दीर्घिकांमधली अंतरं काळानुसार वाढतायत, प्रसरण म्हणजे एवढंच. सापेक्षता सिद्धांतात अवकाशाची भूमिती आतल्या आत मोजता येते. बाहेर उभं राहून बघायला कोणी लागत नाही, की बाहेर मोकळी जागाही लागत नाही.

मुलाला वहीत संख्यारेषा काढायला सांगा, दोन्हीकडे न संपणारी. प्रत्येक पूर्णांकावर एक दीर्घिका बसवा. आता सगळ्या आकड्यांची दुप्पट करा. शेजाऱ्यांमधलं अंतर १ चं २ झालं, आणि रेषा आधी अनंत होती तशी आताही आहे. कोणाला जागा करून द्यावी लागली नाही. शून्यावरच्याला वाटेल की सगळे माझ्यापासून पळतायत, पण ५ वरच्यालाही अगदी तेच दिसतं. केंद्र कुठेच नाही. शून्यावरून पाहिलं तर १ वरची दीर्घिका १ घर सरकली आणि १० वरची तेवढ्याच वेळात १० घरं. जितकी लांब तितकी वेगवान. खगोलशास्त्रज्ञ हबलने १९२९ मध्ये निरीक्षणांतून दाखवला तो हाच नियम. लमेत्रने १९२७ मध्ये तो समीकरणांतून काढला होता, आणि फ्रीडमानने त्याही आधी, १९२२ मध्ये, प्रसरण पावणारं विश्व कागदावर मांडलं होतं.

आता तीच रेषा उलट चालवा, निम्मी, पाव, शतांश. दाटी वाढत जाते, पण रेषा अनंतच राहते. त्यामुळे विश्व आज अनंत असेल तर महास्फोटाच्या वेळीही ते अनंतच होतं. "सगळं एका बिंदूतून फुटलं" हे वाक्य आपल्याला दिसणाऱ्या तुकड्यापुरतं चालतं. तो तुकडा तेव्हा खरोखर इवलासा होता. अख्ख्या विश्वाला ते वाक्य लावलं की मुलाला पडलेला प्रश्न पडणारच. माझ्या मते शाळेत महास्फोटाचं चित्र दिवाळीतल्या बॉम्बसारखं काढतात, तिथेच पहिली चूक होते.

प्रसरण मान्य करून सुरुवात नाकारणारेही होते. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी स्थिरस्थिती सिद्धांत मांडला. त्यात विश्व पसरतं, पण नवं द्रव्य सतत तयार होत राहतं, म्हणून ते कायम सारखंच दिसतं. आपले जयंत नारळीकर हॉयल यांचे विद्यार्थी, आणि महास्फोटाविषयीची शंका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. १९६५ मध्ये सापडलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाने, म्हणजे सुरुवातीच्या तप्त विश्वातून उरलेल्या आणि सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद लहरींनी, पारडं महास्फोटाकडे झुकवलं. तरी मुलाने नारळीकर जरूर वाचावेत. शंका कशी घ्यावी ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता तो व्यास. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षे, मग त्रिज्या ४६५० कोटी प्रकाशवर्षे कशी? तेच सूक्ष्मलहरी प्रारण घ्या. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी ते मोकळं सुटलं. ज्या वायूतून ते निघालं तो तेव्हा आपल्या जागेपासून जेमतेम ४ कोटी प्रकाशवर्षांवर होता. प्रकाश वाटेत असताना अंतरं सुमारे ११०० पट ताणली गेली, त्यामुळे तो वायू आज ४६०० कोटींच्या आसपास आहे. ९३०० कोटी हा आपल्या नजरेच्या आवाक्याचा व्यास आहे. त्यापलीकडचा प्रकाश अजून आलेला नाही, एवढंच त्यातून कळतं.

मग अनंत की नाही? मोजता येते ती वक्रता. त्या प्रारणातल्या कमी-जास्त तापमानाच्या ठिपक्यांचा खरा आकार भौतिकशास्त्रातून काढता येतो. ते आकाशात किती मोठे दिसतात हे ताडून पाहिलं की अवकाश वाकलेलं आहे का ते कळतं. ठिपके साधारण १ अंशाचे निघाले, सपाट अवकाशात यावेत तसे. हे प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाची मोजणी दीर्घिकांच्या सर्वेक्षणांशी जोडली की वक्रता शून्य येते, हजारात दोनच्या आसपासच्या अनिश्चिततेने. यावरून अनंतता सिद्ध होत नाही. इंदूरजवळच्या देपालपूरकडच्या सोयाबीनच्या शेतात कितीही काटेकोर टेप लावला तरी जमीन सपाटच भरणार. त्यावरून पृथ्वी चपटी ठरत नाही. शिवाय सपाट असूनही मर्यादित अवकाश असू शकतं: एका दिशेने निघालं की दुसरीकडून परत. तसं असेल आणि आवाका पुरेसा असेल, तर आकाशात एकसारख्या ठिपक्यांची वर्तुळं जोडीने दिसावीत. ती शोधली गेली, सापडली नाहीत. तेव्हा प्रामाणिक उत्तर असं: विश्व निदान आपल्या आवाक्याहून मोठं आहे, अनंत असण्याला मोजणीची हरकत नाही.

मुलगा पुढे विचारेलच, "मग आपण का ताणले जात नाही?" हबलचा दर, म्हणजे प्रसरणाचा वेग, ७० किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे) धरून मी इंदूर–उज्जैनचे ५५ किलोमीटर मोजले. वाढ येते वर्षाला साधारण ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ४ हजारांश. तीही प्रत्यक्षात होत नाही, कारण जे गुरुत्वाकर्षणाने किंवा रेणूंच्या बंधाने बांधलेलं आहे ते प्रसरणात सामील होत नाही. दिवाळीनंतरच्या अमावास्येला त्याला दुर्बीण घेऊन इंदूरजवळच्या जानापावच्या डोंगरावर न्या आणि देवयानी दीर्घिका दाखवा. ती २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतेय. नियम मोडलेला नाही. इतक्या जवळ गुरुत्वाकर्षण वरचढ ठरतं.

राहिला वरच्या एका सदस्याचा आक्षेप, की प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊच शकत नाही. शेजारून जाणाऱ्या वस्तूला ती मर्यादा पक्की आहे. पण सुमारे १४०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांचं अंतर आज प्रकाशवेगापेक्षा जास्त दराने वाढतंय, आणि त्यांतल्या पुष्कळ आपल्याला दिसतातही, कारण तो प्रकाश फार पूर्वी निघाला होता. आज तिथून निघणाऱ्या प्रकाशाचं गणित निराळं. प्रसरणाचा वेग वाढतोय हे १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं, आणि त्यामुळे साधारण १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. म्हणजे टोक आहे का हे "थांबून बघू" असं म्हणायचीही सोय नाही. हा आकडा डार्क एनर्जी, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा, स्थिर धरून काढलेला आहे. दीर्घिकांचं सर्वेक्षण करणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत ती काळानुसार कमी होत असल्याचे संकेत आहेत. ते पक्के झाले तर हा हिशेब नव्याने करावा लागेल.