बाबांच्या निगेटिव्हची कॉन्टॅक्ट शीट

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या बाबांचा गावात फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर कपाटात बिस्किटाच्या डब्यांत ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह सापडल्या, बम आहेत. घरच्या प्रिंटरच्या स्कॅनरवर ठेवून स्कॅन करून राहिलो तर नुसतं काळं येऊन राहिलं. काय चुकून राहिलं?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : दादा, चुकलं काही नाही, तो स्कॅनर कागदासाठी आहे आणि निगेटिव्हला उजेड आरपार जावा लागतो. झाकणात लाइट असलेला स्कॅनर मिळतो, पण आत्ताच पैसे घालू नका, आधी सगळ्या रोलच्या कॉन्टॅक्ट शीट करा, म्हणजे एका रोलचे सगळे फोटो छोटे-छोटे एकाच पानावर. कोणती फ्रेम स्कॅन करायची ते त्यावरूनच कळते, नाहीतर शंभर फोटो स्कॅन करून कंटाळाल अन् चांगले तसेच डब्यात राहतील.

स्टुडिओतला रिटचिंगचा, म्हणजे निगेटिव्हवर हाताने दुरुस्ती करायचा डेस्क शिल्लक असेल तर त्याची दुधी काच कामाची, नसेल तर खिडकीच्या काचेला ट्रेसिंग पेपर लावा. ३५ एमएमचा ३६ फोटोंचा रोल असेल तर सहा-सहाच्या सहा पट्ट्या, १२० चा, म्हणजे रुंद फिल्मचा, १२ फोटोंचा असेल तर तीन-तीनच्या चार, काठावरच्या नंबराप्रमाणे लावायच्या, चकचकीत बाजू आपल्याकडे, म्हणजे नंबर सरळ वाचता येतात. खोलीतला लाइट बंद करून मोबाइल अगदी समोर सरळ धरून फोटो काढा आणि ॲपमध्ये इन्व्हर्ट करा, म्हणजे काळ्याचं पांढरं अन् पांढऱ्याचं काळं, झाली शीट.

एक मात्र हात जोडून सांगते, मॅट बाजू पुसू नका. जुने फोटोग्राफर चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या निगेटिव्हवरच बारीक पेन्सिलने झाकायचे, तिरपी धरून पाहा, चेहऱ्यावर बारीक रेघा दिसल्या तर तो तुमच्या बाबांचा हात आहे. पावसाळ्यात बुरशी धरली असेल तरी पाणी लावू नका, इमल्शन, म्हणजे फोटो असलेला थर, सुटून फोटोच जातो. धूळ, कापसाची तूस रबरी ब्लोअरनेच उडवा आणि पंखा बंद ठेवा.

निवडलेल्या फ्रेम मग चांगल्या स्कॅनरवर २४०० डीपीआय, १६ बिट ग्रेस्केलमध्ये घ्या, ३५ एमएममधूनही ८ बाय १० इंची प्रिंट छान निघते. स्कॅनरमधली धूळ काढायची डिजिटल आइस नावाची सोय बंद ठेवा, ती इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर चालते, आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो ज्या चांदीच्या कणांनी बनतो ती चांदी इन्फ्रारेड अडवते, तिला चांदीच धूळ वाटते अन् चेहरे खराब होतात.

शीटच्या प्रिंट काढून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा, कोण कोणाचं ते त्यांनाच ओळखू येईल, नावं मागे लगेच लिहून घ्या, हे काम यंदाच करा.