उल्का की रॉकेटचा तुकडा?

प्रश्न : २ एप्रिल २०२२ला संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात तुकडे होत जाणारा जळता पट्टा दिसला. ती उल्का नव्हती, हे कशावरून? पुन्हा दिसल्यास काय टिपावं?

उत्तर : मुख्यतः वेगावरून. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून उतरणारा कचरा जेमतेम आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवा येतो. म्हणून तुकड्यांची रांग मिनिटभरही दिसते. त्या रात्री चांग झेंग ३बी या चिनी रॉकेटचा टप्पा जळाला, असं मानतात. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी कडी पडली.

मोबाइल शोधत बसू नका, सेकंद मोजा. जागा न सोडता, कुठे दिसू लागला आणि कुठे विझला ते झाडाच्या, टाकीच्या खुणेने धरून ठेवा. क्षितिजापासूनची उंची मुठींनी मोजा : हात ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. मग पाच मिनिटं कान द्या. ३० किलोमीटरवरचा धमाका दीड मिनिटाने पोचतो. ‘पलीकडच्या शेतातच पडला’ हा अंदाज मात्र बहुतेक वेळा चुकतो, कारण विझताना तो शंभरेक किलोमीटर लांबही असू शकतो.

तुकडा सापडलाच तर हात लावू नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. तहसीलदारांना किंवा पोलिसांना कळवा.