जुन्या ॲथलॉनसाठी बोर्ड घेताना

एएमडीच्या जुन्या ॲथलॉन प्रोसेसरसाठी सॉकेट ए चा (हा प्रोसेसर ज्यात बसतो त्या खाचेचा) मदरबोर्ड घेताय ना, मग ब्रँड राहू द्या, आधी चिपसेट (बोर्डाचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य चिप्स) बघा. व्हिया कंपनीचा केटी१३३ए असेल तर साउथब्रिजवर (डिस्क वगैरे सांभाळणाऱ्या चिपवर) ६८६बी लिहिलंय का, ते टॉर्च मारून वाचा. २००१ मध्ये हाच गाजला होता: एका आयडीई चॅनेलवरून (हार्ड डिस्क जोडायची जुनी जोडणी) दुसऱ्यावर मोठी फाइल कॉपी केली की डेटा खराब व्हायचा, साउंड ब्लास्टर लाइव्ह हे साउंड कार्ड असेल तर जास्तच. तरी बोर्ड टाकाऊ नाही. शेवटचं बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) चढवा, विंडोज ९८ टाकल्यावर आधी व्हियाचा फोर-इन-वन (चिपसेटचा) ड्रायव्हर, मगच ग्राफिक्सचा. मोठी फाइल कॉपी करून दोन्ही प्रतींचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला आकडा) ताडून बघाच. मला विचाराल तर एनव्हिडियाच्या एनफोर्स२ चिपसेटचा बोर्ड घ्या. आणि हो, बोर्डावरचे कपॅसिटर (छोटे नळकांड्यांसारखे भाग) फुगलेत का, हे पैसे देण्याआधी बघा.